आयक्यू १४८ म्हणजे नक्की किती? आणि तो सांगितला की बढाई का वाटते?

जिज्ञासू

कुठल्याही चर्चेत कुणी ‘माझा आयक्यू १४८ आहे’ असं लिहिलं की मूळ विषय बाजूला पडतो. काही जण लगेच स्वतःचा आकडा पुढे करतात, काही ‘आयक्यू म्हणजे निव्वळ थोतांड’ म्हणतात, आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ हे तर कुणी ना कुणी सुनावतंच. यातल्या एकाही उत्तराने समाधान होत नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं:

१. नुसता आकडा कळला तर त्यावरून काय समजतं?
२. १६०, १८०, २०० हे आकडे खरे असू शकतात का?
३. उंची किंवा धावण्याची वेळ सांगितली तर सहसा कुणी दुखावत नाही. मग आयक्यू सांगितला की बढाई का वाटते?
४. बढाई मारणारा खरोखर कमी हुशार असतो का?

मापनपट्टी

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

नुसत्या आकड्यावरून फारसं काही समजत नाही. आयक्यू ही सेंटिमीटरसारखी मोजलेली लांबी नव्हे, ती रांगेतली जागा आहे. तुमच्या वयाच्या लोकांच्या एका नमुन्याने तीच चाचणी दिली तेव्हा त्यांच्यात तुम्ही कुठे उभे राहता, एवढंच तो सांगतो. सरासरीला १०० म्हणायचं हा संकेत सगळीकडे सारखा, पण तिथून पुढची पायरी किती गुणांची, म्हणजे प्रमाण विचलन किती, हे चाचणीगणिक वेगळं असतं. डेव्हिड वेक्सलर या मानसशास्त्रज्ञाच्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांत ते १५ आहे. स्टॅनफर्ड-बिने या दुसऱ्या चाचणीच्या जुन्या आवृत्तीत १६ होतं, पाचव्या आवृत्तीत १५ झालं. कॅटेलच्या एका चाचणीत ते २४ आहे. म्हणून १३०, १३२ आणि १४८ हे तिन्ही आकडे रांगेतल्या एकाच जागेचे आहेत: सरासरीच्या दोन पायऱ्या वर, साधारण ४४ जणांत एक. मेन्सा या उच्च आयक्यूवाल्यांच्या संघटनेची प्रवेशाची अटही ‘अमुक आयक्यू’ अशी नसून ‘वरचे २ टक्के’ अशी आहे, आणि ती गाठायला कॅटेलवर १४८ लागतात. तुमच्या प्रश्नातला १४८ बहुधा तिथूनच येतो.

रूपांतर कुणालाही करता येईल. आकड्यातून १०० वजा करा, त्या चाचणीच्या प्रमाण विचलनाने भागा, १५ ने गुणा आणि पुन्हा १०० मिळवा. कॅटेलवरचे १६० घ्या: ६० भागिले २४ म्हणजे २.५, गुणिले १५ म्हणजे ३७.५. वेक्सलरच्या मापात हे १३७-१३८ झाले. ‘एकशे साठ’ ऐकताना जे वाटतं त्याहून हे बरंच खाली आहे.

आता मोठ्या आकड्यांकडे. १५ च्या मापात १४५ किंवा वर साधारण ७४० जणांत एक असतो, १६० किंवा वर साधारण ३१,५०० जणांत एक. प्रौढांची वेक्सलर चाचणी, २००८ ची चौथी आवृत्ती, अमेरिकेत २,२०० लोकांवर प्रमाणित केली गेली. एवढ्या लोकांत १४५ च्या वर जेमतेम तिघं अपेक्षित आहेत आणि १६० च्या वर बहुधा एकही नाही. तिथे मोजायला माणसंच नाहीत, गुणांच्या घंटेसारख्या आलेखाचा वक्र पुढे ओढून जागा ठरवलेली असते. म्हणूनच ती श्रेणी १६० वर थांबते. १५ च्या मापात २०० हवे असतील तर ती जागा साधारण ७६ अब्ज लोकांत एकाची आहे, आणि पृथ्वीवर माणसं आठ अब्जांच्या आसपास.

मग २००-२२८ असे आकडे आले कुठून? ते जुन्या गुणोत्तराच्या पद्धतीतले. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायचं ही कल्पना विल्यम स्टर्नने १९१२ मध्ये मांडली, लुईस टर्मनने १९१६ मध्ये त्याला १०० ने गुणायला सुरुवात केली. पाच वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाएवढी उत्तरं दिली की आयक्यू २००. मुलांच्या बाबतीत हे कसंबसं चालतं, पण चाळिशीतल्या माणसाचं मानसिक वय ऐंशी म्हणजे काय, याला अर्थच नाही. वेक्सलरने हे गुणोत्तर सोडून रांगेतली जागा धरली ती याच कारणाने. ‘गिनेस’ने सर्वाधिक आयक्यूचा विक्रम १९९० मध्ये बंद केला. आणि ‘आईन्स्टाइनचा १६०’ याला आधार देणारी कुठलीही चाचणी नोंदलेली नाही. दिवंगत थोरांचे आयक्यू लावण्याचं काम कॅथरीन कॉक्सने १९२६ मध्ये ३०१ व्यक्तींसाठी केलं, तेही चरित्रांतल्या नोंदी वाचून केलेले अंदाज होते.

तेव्हा कुणी आकडा सांगितला तर तीन गोष्टी विचारा: चाचणीचं नाव आणि आवृत्ती, दिली ते वर्ष, आणि समोर बसून प्रशिक्षित माणसाने घेतली का. ‘दहा मिनिटांत ऑनलाइन’ असं उत्तर आलं तर तो आकडा सोडून द्या. तिथे तुलनेचा नमुना कोण आहे हेच माहीत नसतं (कोडी आवडणारेच तिकडे जातात), वेळेवर लक्ष ठेवणारं कुणी नसतं, आणि शेवटी प्रमाणपत्र विकायचं असेल तर गुण कमी देण्यात त्यांचं नुकसान असतं.

घंटावक्र

मापनपट्टी यांच्याशी सहमत. मोजमापातल्या चुकीचा मुद्दा जोडते, कारण बढाईतला फुगा मुख्यतः तिथे भरलेला असतो.

चाचणी कितीही चांगली असली तरी त्याच माणसाला उद्या नेमके तेच गुण पडणार नाहीत. झोप, कंटाळा, एखादा प्रश्न अंदाजाने बरोबर येणं, सगळं त्यात मिसळतं. हे किती हलतं ते काढायचं सूत्र असं: १ मधून विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यावर गुण किती सारखे येतात याचं ० ते १ मधलं माप) वजा करा, वर्गमूळ काढा, १५ ने गुणा. समोर बसून घेतलेल्या पूर्ण चाचणीची विश्वसनीयता ०.९६ धरली तर प्रमाण त्रुटी ३ गुणांची येते. ९५ टक्के खात्री हवी तर ती जवळजवळ दुप्पट करायची, म्हणजे दोन्ही बाजूंना ६. अहवालातला १३२ हा असा १२६ ते १३८ हा पट्टा असतो. छोट्या चाचणीची विश्वसनीयता ०.८० असेल तर त्रुटी ६.७ होते आणि तोच १३२ म्हणजे ११९ ते १४५. चांगल्या अहवालात हा पट्टा छापलेला असतो. लोक तो वगळून मधला आकडा सांगतात, आणि काही तर वरचं टोक.

दोन माणसांची तुलना करताना दोघांच्याही चुका एकत्र येतात. चांगल्या चाचणीतही फरक साधारण ८ गुणांपेक्षा कमी असेल तर कोण पुढे हे खात्रीने सांगता येत नाही. १२७ वाल्याला १३३ वाल्याने हिणवणं हे मोजमापाच्या दृष्टीने निराधार आहे.

फुगवटा येण्याच्या वाटा साधारण अशा.

पुन्हापुन्हा देऊन सर्वांत चांगला निकाल ठेवणं. ६.७ त्रुटीच्या पाच वेगवेगळ्या चाचण्या दिल्या आणि सर्वांत मोठा आकडा धरला, तर सरासरीने ७-८ गुण फुकट मिळतात. बुद्धीत काडीचाही बदल न होता.

सराव. तीच चाचणी थोड्या महिन्यांत पुन्हा दिली तर गुण वाढतात, त्यातही ठोकळे जुळवणं, चिन्हं भरणं अशा कृतीच्या आणि वेगाच्या भागांत जास्त. आकृत्यांच्या कोड्यांत नियम ओळखायची युक्ती एकदा कळली की ती कळलेलीच राहते. म्हणून तज्ज्ञ दोन चाचण्यांत बहुधा वर्षभराचं तरी अंतर ठेवायला सांगतात.

जुनी मानकं, म्हणजे तुलनेचा जुना नमुना. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत प्रत्येक पिढी जुन्या चाचणीवर अधिक गुण मिळवते, दर दशकाला साधारण ३. वीस वर्षांपूर्वीची मानकं वापरली तर सहा गुण उगाच वाढलेले दिसू शकतात. (काही देशांत ही वाढ अलीकडे थांबली, नॉर्वे-डेन्मार्कमध्ये उलटलीही. त्यामुळे हे गणित डोळे झाकून लावू नका.)

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एकूण आयक्यू ही उपगुणांची सरासरी नसते. भाषिक, आकृतिबंध, कार्यस्मृती आणि वेग या चारही निर्देशांकांत १३० असतील तर एकूण १३० येत नाही, १३५ च्या वर जातो. चारही ठिकाणी एकाच वेळी एवढं वर असणं हे एका ठिकाणी असण्यापेक्षा दुर्मीळ आहे, म्हणून. उलट भाषिक १३८ आणि वेग ९८ असेल तर मधला एकच आकडा त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही, तो न सांगितलेलाच बरा.

पारदर्शक

‘थोतांड’ म्हणणाऱ्यांसाठी थोडंसं, कारण वरचं वाचून ते खूश होतील.

मोजमापाला त्रुटीचा पट्टा आहे म्हणजे ते खोटं, असं नाही. स्कॉटलंडमध्ये १९३२ साली ११ वर्षांच्या मुलांची एक चाचणी घेतली होती. त्यातल्या १०१ जणांना तीच चाचणी ७७ व्या वर्षी पुन्हा दिली, तर दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.६३ निघाला. ६६ वर्षांनंतर! मानसशास्त्रात इतकी टिकून राहणारी मापं फार नाहीत. शालेय गुणांशी आयक्यूचा सहसंबंध ०.५ च्या आसपास सापडतो.

पण ०.५ चा अर्थ नीट घ्या. त्याचा वर्ग केला की ०.२५, म्हणजे गुणांतल्या फरकांचा एक चतुर्थांश भाग आयक्यूशी जुळतो, तीन चतुर्थांश जुळत नाही. नोकरीतल्या कामगिरीशी आयक्यूचा सहसंबंध १९९८ च्या प्रसिद्ध आढाव्यात ०.५१ दिला होता. २०२२ मध्ये आकडेमोडीतल्या दुरुस्त्या तपासल्यावर तो ०.३१ वर आला. टर्मनने १९२१ पासून सुमारे १,५०० हुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या निवडीत न बसलेल्यांपैकी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना पुढे नोबेल मिळालं, निवडलेल्यांपैकी एकालाही नाही. गटाबद्दल उपयोगी असलेलं माप एका माणसाच्या भवितव्याबद्दल छातीठोकपणे बोलू शकत नाही.

खालच्या टोकाला तर हा पट्टा जीवनमरणाचा होतो. अमेरिकेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांना फाशी देता येत नाही, असा निकाल २००२ मध्ये झाला. फ्लोरिडाने त्यासाठी ७० ही पक्की रेघ ओढली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण चाचणीची प्रमाण त्रुटीच तिने लक्षात घेतली नव्हती. मिरवणाऱ्यांनी हा निकाल आठवावा: ७१ आणि ६९ यांत जी पुसट रेघ आहे तीच १३१ आणि १२९ यांतही आहे.

शब्दवेध

तिसरा आणि चौथा प्रश्न घेतो.

‘मी चांगला पोहतो’ आणि ‘मी इतरांपेक्षा चांगला पोहतो’ या दोन वाक्यांत ऐकणाऱ्याच्या मनात बराच फरक पडतो. व्हेरा हूरेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. पहिल्या प्रकारचं बोलणं लोक खपवून घेतात. दुसऱ्या प्रकारचं खटकतं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, ‘हा मलाही खालचा समजतो.’ आता मापनपट्टी यांनी लिहिलेलं आठवा: आयक्यू म्हणजे रांगेतली जागा. मग तुलना वगळून तो सांगायची वाटच नाही. ‘माझा १४८’ या वाक्याचा अर्थच ‘शंभरातले अठ्ठ्याण्णव माझ्या मागे’ असा आहे, आणि ऐकणारा त्या अठ्ठ्याण्णवांत स्वतःला मोजतो. उंची सांगितली की ती दिसते, पडताळता येते, आणि उंच माणसाचं मत अधिक बरोबर असतं असं कुणी मानत नाही. आयक्यू मात्र वादाच्या मध्यात आला की ‘तुझं ऐकायची गरज नाही’ असं सुचवतो. राग त्या सुचवण्याचा असतो.

म्हणून वादात आकडा आला तर त्याच्या खरेखोटेपणात शिरू नका. ‘१४८ आहे असं धरू. आता दुसऱ्या परिच्छेदातला तुमचा दावा कशावरून?’ एवढं विचारा. आकड्याची खिल्ली उडवली की चर्चा आकड्यावरच अडकते, आणि ज्याने तो टाकला त्याला मुद्दा सिद्ध करावाच लागत नाही.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असं म्हणता येत नाही. खळखळाटावरून पाण्याची खोली मोजायची सवय सोडायला हवी. स्वतःच्या बुद्धीबद्दलचा अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध ०.३ च्या आसपास सापडतो. कमी असला तरी तो शून्याच्या वर आहे. म्हणजे स्वतःला हुशार समजणारे सरासरीने किंचित अधिक गुणच मिळवतात. बढाईतून अंदाज किती कच्चा हे कळतं, बुद्धी किती ते कळत नाही. २००४ च्या एका मुलाखतीत स्टीफन हॉकिंग यांना त्यांचा आयक्यू विचारला, तेव्हा त्यांनी माहीत नसल्याचं सांगितलं आणि त्याची बढाई मारणाऱ्यांना थेट नालायक ठरवलं. ते वाक्य आता प्रत्येक वादात हत्यारासारखं फिरतं. त्यामागची चीड मला पटते, पण ‘तू बढाई मारतोस म्हणजे तुझा आयक्यू कमी’ असं म्हणणाराही माणसाची किंमत आयक्यूनेच करत असतो. बढाईखोर जे करतो तेच हा करतो, फक्त दिशा उलटी.

अंदाज कच्चा का असतो? आपण स्वतःला रोजच्या माणसांशी ताडून पाहतो, आणि ती निवडक असतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (२०१८ मध्ये प्रसिद्ध) ६५ टक्के लोकांनी आपली बुद्धी सरासरीपेक्षा जास्त असल्याचं म्हटलं. आयक्यूच्या रचनेनुसार ते प्रमाण ५० च्या आसपास हवं.

यातली एक बाब मला फार खुपते. एड्रियन फर्नहॅम आणि इतरांच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे की पुरुष स्वतःचा आयक्यू सरासरीने जास्त सांगतात आणि स्त्रिया कमी, प्रत्यक्ष गुणांत तसा फरक नसताना. आईवडीलही मुलाचा अंदाज मुलीपेक्षा वर धरतात. बढाईवर आपण इतकं बोलतो, पण त्याच कच्च्या मोजणीमुळे स्वतःला कमी धरून अर्जच न करणाऱ्यांबद्दल फार कमी बोलतो.

जिज्ञासू

सगळ्यांचे आभार, फार नेमकं मिळालं. शेवटच्या मुद्द्यावरून एक उपप्रश्न. एखाद्या मुलाची चाचणी झाली आणि अहवालात मोठा आकडा आला, समजा १३६. तो मुलाला सांगावा का? नातेवाइकांना?

घंटावक्र

आधी वय पाहा. शाळेआधीच्या वयातले गुण पुढच्या गुणांशी फारसे जुळत नाहीत. सातआठ वर्षांनंतर ते बरेच स्थिर होतात. चार वर्षांच्या मुलाचा १३६ कुणालाच सांगू नका, तो टिकेलच असं नाही.

मोठ्या मुलाला आकड्याऐवजी अहवालातला तपशील सांगा. निर्देशांकांचं पान उघडा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा शोधा, आणि त्यांचं रोजच्या कामात भाषांतर करा: ‘आकृत्यांतला नियम तुला पटकन दिसतो. एका वेळी पुष्कळ गोष्टी डोक्यात धरून ठेवणं तेवढं सोपं जात नाही, म्हणून लांब गणित कागदावर पायऱ्या मांडून कर.’ हे त्याला वापरता येतं. १३६ चं तो काय करणार, वर्गात सांगण्यापलीकडे?

कौतुकाचे शब्दही जपून. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. सोपी कोडी सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं त्यानंतर लवकर सोडून देऊ लागली, आणि अनोळखी मुलांना आपले गुण कळवताना ते वाढवून सांगण्याचं प्रमाण त्यांच्यात कितीतरी जास्त निघालं. ‘बुद्धी मेहनतीने वाढते’ या विचारसरणीवर उभ्या राहिलेल्या शालेय उपक्रमांचे परिणाम पुढे बरेच किरकोळ ठरले, तेव्हा नुसते शब्द बदलून जादू होईल असं मानू नका. पण गुण वाढवून सांगायची गरज मुलाला का वाटते, ते त्या प्रयोगात स्वच्छ दिसतं: हुशारी हीच ओळख झाली की एक वाईट निकाल ती ओळख काढून घेतो.

मूल स्वतःहून विचारेल तर लपवू नका. लपवलेला आकडा त्याच्या मनात वाटेल तेवढा वाढतो किंवा घटतो. पट्ट्यासकट सांगा: ‘साधारण १३० ते १४२ च्या मध्ये, या चाचणीवर, या वर्षी.’

नातेवाइकांना नाही. ते आकडा लक्षात ठेवतात आणि पट्टा विसरतात. भावंडांची तुलना सुरू होते, आणि दोघांच्या चाचण्या वेगळ्या आवृत्तीच्या असतील तर त्या तुलनेला अर्थही उरत नाही. शाळेला मात्र द्या, तेही पूर्ण अहवाल, कारण अभ्यासक्रम बदलायचा की वेळ वाढवून द्यायचा हे निर्देशांकांवरून ठरतं.

मूळ प्रत जपून ठेवा. पुढे कधी पुन्हा चाचणी करायची वेळ आली तर ती सोबत न्या आणि आधी कोणती चाचणी कधी झाली ते घेणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा. न सांगता थोड्याच महिन्यांत तीच चाचणी पुन्हा झाली, तर सरावाचे गुण मिसळतात आणि तो दुसरा अहवाल वाचता येत नाही.